गुंताबाईच्या नावाची मूठ

जळगाव,
२१ जुलै २०२५

प्रिय लखन,

काल सकाळच्या एसटीने गावाला जाऊन आले. चौकातल्या वेदीला अजून हिरवी जाळी बांधलेली आहे, पण बांधणाऱ्याने खालून हातभर जागा सोडली आहे. त्यामुळे बसची वाट बघणारे सगळे जण तिथे वाकून आत डोकावून जातात. मीही गुडघ्यांचा विचार न करता वाकले. शेजारी बेबाबाई होती. तुला आठवत असेल, आमच्या घरासमोरची, आता नव्वदीला आली आहे. ती माझ्याआधीच जाळीखाली शिरून बसली होती. मोठ्या फलकावरच्या बाईकडे बघत ती म्हणाली, "हाई ते गुंता शे. दगडमा बी तिना पदर डोकावरच शे." आणि मग बोळक्या तोंडाने हसत, "अभिमनभाऊनी मायले कोठे बसाडं मंग?"

सगळ्या गावाचा आज तोच प्रश्न आहे, आणि तुझ्यापर्यंत धुळ्याला तो पोचलाच असणार. माझ्या भावाने गावात समेट घडवला त्याला येत्या श्रावणात पंचवीस वर्षं होतात, म्हणून ही शांतिवेदी. तिच्या दर्शनी फलकावर धरणीमाता बसलेली, मांडीवर दोन लेकरं, बाजूला केळीचा घड, पायाशी गाय आणि शेळी. त्या धरणीमातेला तू तुझ्या आईचा, गुंताबाईचा चेहरा दिलास. भाऊला तिथे आमच्या मायचा चेहरा हवा आहे, झुंबरबाईचा. अनावरण चार ऑगस्टला, कानबाईदेवी विसर्जनाला नदीवर जाते त्या सोमवारी. म्हणजे हातात दोन आठवडे. मायचा एकच धड फोटो आहे आणि तो माझ्या पेटीत आहे. फोटो मिळाला की जुना चेहरा छिलून नवा काढायचा, असं ठरलेलं आहे.

तू काम फार चांगलं केलं आहेस हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढच्या सगळ्यात ते राहून जाईल. गाईच्या मानेची वळी मी तुला सातवीत शिकवली होती, ती तू माझ्यापेक्षा चांगली काढलीस. शेळीचे कान तर हलतील असे वाटतात. फक्त मिरवणुकीच्या फलकावरचा डावीकडून तिसरा माणूस जरा ताठ झाला आहे. धोतराची चुणी त्याच्या गुडघ्याबरोबर वाकत नाही. तो प्रेमराज आहे का? असेल तर राहू दे. माझा भाचा आहे खरा तसाच.

या सगळ्याचं मूळ माझ्याकडे आहे, म्हणून तिथून सुरुवात करते. गेल्या वर्षी मे महिन्यात मी त्या अकरा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलीला गेले होते. रोममध्ये आमच्या गटातली माणसं दशम्या आणि मिरचीचा ठेचा सोडून बसली, तेव्हा मी गाइडकडून चाळीस मिनिटं मागून घेतली आणि एकटी तिथली सम्राटाच्या काळची वेदी बघायला गेले. चाळीस वर्षं मी पोरांना पुस्तकातल्या काळ्या ठिपक्यांच्या चित्रावरून ती शिकवली होती. काचेच्या मोठ्या दालनात पांढऱ्या संगमरवराची चौकोनी भिंत, मधे पायऱ्या, आत बळी द्यायचा ओटा. खालच्या अर्ध्या भागात नुसती वेलबुट्टी. दुरून ती शोभेची वाटते. जवळ गेलं की पानांच्या आड सरडा दिसतो, बेडूक दिसतो, एके ठिकाणी पिल्लांच्या घरट्याकडे निघालेला साप. मी त्या सापापाशीच दहा मिनिटं घालवली. वरच्या भागात सम्राटाच्या घरची मिरवणूक, बायका, पोरं, पुरोहित, सगळे चालले आहेत आणि चालताना एकमेकांशी कुजबुजतही आहेत. मागच्या बाजूला ती मांडीवर दोन लेकरं घेतलेली बाई, फळं, गाय, मेंढी. जगात कुणाला काही कमी नाही, असा सगळा थाट.

ही वेदी शांतीची. बांधायचं ठरलं ते सम्राट दूरच्या दोन मुलखांचा बंदोबस्त करून घरी आला तेव्हा. त्या मुलखांतल्या माणसांचं काय झालं ते दगडावर कुठे नाही. धरणीमातेच्या जोडीचा दुसरा फलक होता, त्यावर रोमची देवी बसलेली. तिचे थोडेच तुकडे उरले आहेत. ती कशावर बसली होती माहीत आहे? जमा केलेल्या शस्त्रांच्या ढिगावर. म्हणजे एका बाजूला गाय-मेंढी आणि दुसऱ्या बाजूला तो ढीग, आणि बघणाऱ्याने दोन्ही मिळून समजून घ्यायचं. पुढे नदीच्या गाळात ती वेदी बुडाली, वर घरं उभी राहिली. दोन हजार वर्षांनी तिकडच्या एका हुकूमशहाने तुकडे काढून, जुळवून ती पुन्हा उभी केली. कारण त्यालाही आपण त्या सम्राटाच्या रांगेतले आहोत असं दाखवायचं होतं. बाहेरच्या भिंतीवर सम्राटाने स्वतःच लिहिलेली आपल्या कामांची यादी कोरली आहे. मी हे केलं, मी ते केलं. वाचून मला गावातल्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक आठवले.

परत आल्यावर चित्रांची पुस्तिका मी भाऊला दाखवली. ओसरीवर बसून, शाळेत सांगायचे तशी सांगितली. कुटुंब कसं कोरलं आहे, सुबत्ता कशी दाखवली आहे, बघणाऱ्याला न सांगता सांगायचं कसं. शस्त्रांच्या ढिगाचं सांगणार तेवढ्यात सुनंदावहिनी चहा घेऊन आली आणि विषय राहिला. भाऊ पानं उलटत राहिला आणि म्हणाला, "रोमवालासनं जमस, ते आपलं काबरं जमाव नही?" मी हसले. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. आठ दिवसांत समिती झाली, प्रेमराज सचिव झाला, आणि काम तुला द्यायचं हेही ठरलं. पाड्याचा मुलगा, अभिमनभाऊंनी शिकवलेला, त्यानेच वेदी घडवली, हे पत्रिकेवर छान दिसतं.

आता त्या मिरवणुकीतल्या एका मुलाबद्दल. पुस्तिकेच्या नवव्या पानावर आहे. मी तुला ती धुळ्याला पाठवली तेव्हा त्या पानात मुद्दाम काही खूण ठेवली नव्हती, पण तुला तो सापडला हे कालच कळलं. सगळी पोरं रोमन वेषात, आणि हा एक वेगळा. गळ्यात पिळाची जाड हसळी, कपडे परमुलखातले. एका मोठ्या माणसाच्या वस्त्राचं टोक त्याने मुठीत धरलं आहे. जाणकारांचं त्यावर एकमत नाही. काही म्हणतात घरचाच नातू वेष घालून आला आहे. काही म्हणतात जिंकलेल्या मुलखातल्या कुणा सरदाराचं पोर, सांभाळायला म्हणून आणून ठेवलेलं. त्याला आणलं की त्याचा मुलूख गप्प राहतो. त्याच्यामागे एक बाई उभी आहे आणि तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आहे. बाईचा चेहरा प्रेमळ आहे. मी त्या काचेच्या दालनात तिच्यापुढून हलले नाही, कारण त्या बाईला मी ओळखत होते.

समेटाच्या दिवशीचा फोटो जळगावच्या पेपरात आला होता. भाऊ मधे, फेटा बांधून. त्याच्या उपरण्याचं टोक धरून तू, नऊ वर्षांचा, नवा शर्ट, गळ्यात तुझ्या आजीची चांदीची हसळी. आणि तुझ्या मागे मी, तुझ्या डोक्यावर हात ठेवून. तेव्हा मला तो फोटो इतका आवडला होता की मी कात्रण चिकटवून ठेवलं.

तू तेव्हा लहान होतास, आणि पुढे हा विषय आपण दोघांनीही काढला नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते मी सांगते. नाल्याच्या तोंडाशी, जंगलाला लागून तुमचं वावर होतं, तीन मोहाच्या झाडांचं. पिढ्यान्‌पिढ्या कसलेलं आणि कागद एकही नाही. तिथे पाझर तलाव करायचं ठरलं, म्हणजे खालच्या गावाच्या विहिरींना पाणी येईल आणि केळी लावता येईल. मोजणीची माणसं आली, पाड्याने ती अडवली, दगड गेले, एका माणसाचं डोकं फुटलं. तुझा बाप चैत्राम चार महिने आत होता. दगड त्याने मारला नव्हता हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण तोच पुढे उभा होता. मग भाऊने मध्यस्थी केली. तक्रार मागे, चैत्राम बाहेर, मुलाचं शिक्षण आमच्याकडे. पाड्याने वावर सोडायचं. श्रावण होता, कानबाई चार दिवसांवर होती, आणि भाऊच्या डोक्यात आणखी एक गोष्ट आली.

आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू कसे काढतात हे तू ओटीवरून पाहिलेलं आहेस, पण आतलं तुला कुणी सांगितलं नसेल. घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. आमच्या घरात बायकांच्या नावाचीही मूठ असते. ते गहू घरातच दळायचे आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला घासभरही देत नाहीत, उरलेला नदीत सोडतात. ज्याच्या नावाची मूठ सुपात पडली तो आपला. त्याहून मोठा कागद आमच्यात नाही. भाऊने गावासमोर जाहीर केलं की यंदा गुंताबाईच्या नावाची मूठ आमच्या सुपात पडेल. म्हाताऱ्या कुरकुरल्या. मायने मात्र सूप पुढे ओढलं, पोत्यात हात घातला आणि मोठ्याने नाव घेतलं. सव्वा मूठ. टाळ्या वाजल्या. गुंताबाई ओट्याखाली उभी होती, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

त्यानंतर कागद झाला. कुणीतरी लिहायला हवं होतं आणि माझं अक्षर चांगलं. लखन, तो कागद माझ्या हातचा आहे. भाऊने तोंडी सांगितलं की चैत्राम व गुंताबाई हे वावर सोडत आहेत. मला वाटलं वाक्य कोरडं होतंय, समेटाचा दिवस आहे, जरा बरं लिहावं. म्हणून "स्वखुशीने" हा शब्द मी घातला. कुणीच सांगितला नव्हता. गुंताबाईला मी वाचून दाखवला तेव्हा ती कागदाकडे बघतही नव्हती, सुपाकडे बघत होती. अंगठा देताना तिने मला विचारलं होतं, "मी आते तुमना घरमा शे ना?" मी म्हटलं, हो. तिच्या हिशेबाने झालं असं होतं की ती भाऊबंदकीत आली. वावर भाऊबंदकीत गेलं, म्हणजे ते तिच्यापासून गेलं नाही, त्यात तिचा वाटा राहिला. मूठ पडलेल्या माणसाचं वावर कुणी काढून घेतं का? आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की ती मूठ ती खरी धरेल. आम्ही तो मान म्हणून दिला होता. कानबाई तिने आमच्यापेक्षा जास्त खरी मानली, एवढीच तिची चूक.

पुढच्या श्रावणात ती आली. अंघोळ करून, नवं लुगडं नेसून, पदरात स्वतःच्या घरचे गहू बांधून. ओट्यावर बसून राहिली, सुपाशी बोलावतील म्हणून. भाऊ बाहेर आला आणि समजावून म्हणाला की तो मान त्या वर्षापुरता होता. ती रागावली नाही, रडली नाही. तिला खरंच कळत नव्हतं. "मन्हा नावनी मूठ लिधी ना, मंग मी कोननी शे?" असं तिने दोनदा विचारलं. ओट्यावर दहा-बारा माणसं होती, त्यांत मी होते. मग ती पदरातले गहू तसेच घेऊन परत गेली. तू तेव्हा माजघरात माझ्याजवळ चित्र काढत होतास. आई आली आहे हे तुला सांगायचं नाही, असं मला सांगितलं होतं, आणि मी सांगितलं नाही.

नऊ-दहा वर्षांनी जंगलजमिनीचे दावे निघाले. तळ्याखाली वावर गेलेल्या तीन घरांपैकी दोघांना वरच्या अंगाला बदली जमीन मिळाली. गुंताबाईचा अर्ज परत आला, कारण तिने वावर स्वखुशीने सोडल्याचा कागद होता. चैत्रामदादा गेला तो दुसऱ्यांच्या केळीत घड वाहता वाहता. त्या केळीला पाणी कुठलं, ते तू जाणतोस.

मायचं सांगायचं राहिलं, आणि या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिच्या शेवटच्या वर्षी सूप मी धरलं होतं. ती एकेक नाव घेऊन मूठ टाकत होती, अभिमन, सुनंदा, प्रेमराज, मग माझं, हेमलता. शेवटी स्वतःचं. ते ती नेहमीच पुटपुटायची, आम्हाला वाटायचं म्हातारपण. त्या वर्षी माझा कान तिच्या तोंडाशी होता. ती झुंबर म्हणाली नाही, ती गुंता म्हणाली. मी चमकून बघितलं तर तिने गव्हाचे हात झटकले आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "मन्हं नाव नही लिधं तरी मी घरनीच शे. तिनं ते लेवंच लागस." म्हणजे ती ते किती वर्षं करत होती? मी विचारलं. तिने बोटं मोजली नाहीत, नुसती दाराकडे मान केली, जिथे गुंताबाई तेव्हा पदरात गहू घेऊन बसली होती. त्या वर्षापासून. आमच्या घरचा रोट आठ-नऊ वर्षं गुंताबाईच्या नावाचा होता, आणि तो खाणाऱ्या कुणाला पत्ता नव्हता. भाऊलाही नाही. मीही त्याला कधी सांगितलं नाही. आज सांगते आहे.

आता तू सांग, ज्या बाईने आपली मूठ गुंताबाईला दिली, तिचं तोंड गुंताबाईच्या तोंडावर कसं बसवायचं? मायला तिथे बसवलं तर ती दगडातून उठून जाईल.

काल दुपारी मी पाड्यावर तुझ्या आईकडेही गेले होते. तिने फोनवर कुणीतरी काढलेलं चित्र पाहिलं आहे. मला विचारलं, "मन्हं नाक एवढं मोठं शे का?" मी म्हटलं, लखनने खरं काढलंय. त्यावर ती खूप हसली. चहा झाल्यावर तिने सरळ सांगितलं, "तोंड काय, मानूस मरना का जास. ते मोह ऱ्हावू द्या." तेव्हा माझ्या लक्षात आलं. जाळीखालून बघताना मी चेहऱ्यातच अडकले होते. परत येताना पुन्हा वाकले आणि बघितलं. बाईच्या मागे तू तीन मोह कोरले आहेस, मधला वाकलेला, त्याच्या बुंध्याशी नाल्याचं वळण, बांधावरचा उभा चिरा. हेच ते वावर. वैशाखात तळं आटलं की त्या तीन मोहांची खोडं अजून वर येतात, गावातल्या प्रत्येक माणसाने ती पाहिली आहेत. धरणीमाता तू गुंताबाईच्या वावरात बसवलीस, आणि केळीचा घड तिच्या बाजूला ठेवलास. दगडावर अक्षर एकही नाही आणि बेबाबाईलासुद्धा सगळं वाचता येतं. पोरा, रोमच्या कारागिरांनी पानाआड साप ठेवला, तू त्यांच्याही पुढे गेलास.

म्हणून घरी येऊन मी समितीचा ठराव पुन्हा वाचला. "धरणीमातेचा चेहरा बदलणे व पार्श्वभूमी साफ करणे." चेहऱ्याची सगळी चर्चा मायच्या मानासाठी आहे असं मी महिनाभर समजत होते. त्यांना घालवायचे आहेत ते तीन मोह. भाऊला मी फोन केला आणि विचारलं. तो म्हणाला, "तुले काय समजस गावनं? पंचवीस वरीसनी शांती शे." मी म्हटलं, भाऊ, शांती आहे हे खरं. कुणाच्या जिवावर आहे ते दगडावर राहू दे, म्हणजे ती टिकेल. त्याने फोन ठेवला. पासष्ट वर्षांत त्याने माझं बोलणं पहिल्यांदा असं तोडलं. तो वाईट माणूस नाही, लखन. तुझ्या परीक्षेच्या दिवशी तो उपाशी राहायचा, हे मी पाहिलं आहे. पण चांगल्या माणसांनाच वेदी बांधायची फार हौस असते, आणि एकदा बांधली की तिच्यासमोर कुणी प्रश्न विचारलेला त्यांना सोसत नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. तू प्रेमराजला म्हणालास की बाईंनी लिहून दिलं तर मी छिन्नी लावतो, तोंडी नको, लेखी हवं. त्याने ते मला निरागसपणे सांगितलं, मी मात्र पूर्ण दिवस त्यावर विचार केला. माझ्या लेखी शब्दाने एकदा काय झालं ते तुला केव्हापासून माहीत आहे, हे मी विचारणार नाही. उद्या सकाळी प्रेमराज हे पत्र आणि मायचा फोटो न्यायला येणार आहे. पाकीट उघडं ठेव, म्हणाला, दुपारी बैठकीत आधी वाचायचं आहे. वाचू दे. त्यासाठीच एवढं सविस्तर लिहिलं, नाहीतर तुला दोन ओळी पुरल्या असत्या. पाकिटात फोटो नाही. त्याच्या जागी आजच प्रांताच्या कचेरीत दिलेल्या माझ्या अर्जाची पोच घेतलेली प्रत आहे. त्यात मी लिहिलं आहे की सन २०००च्या त्या कागदावरचा "स्वखुशीने" हा शब्द गुंताबाईचा नव्हता, माझा होता, आणि हे मी कुठेही येऊन सांगेन. त्याने तिला जमीन मिळेल का, मला माहीत नाही. अनावरणाच्या दिवशी मी गुंताबाईला घेऊन चौकात येणार आहे, आम्ही दोघी त्या फलकासमोर सतरंजी टाकून बसू. ज्याला छिन्नी लावायची असेल त्याने आम्हाला उठवून लावावी. या वर्षी आमच्या घरच्या सुपात माझ्या नावाची मूठ पडणार नाही, हे उघड आहे. चालेल. नाव नाही घेतलं तरी मी घरचीच आहे. मूठभर गहू मी इथे जळगावात काढीन, गुंताबाईच्या नावाने, मोठ्याने. तुझ्यासाठी माझं लेखी एवढंच, छिन्नी लावू नकोस, चेहऱ्याला नाही आणि मोहांना तर नाहीच. मिरवणुकीत उपरण्याचं टोक धरलेला मुलगा आणि त्याच्यामागची बाई मी नीट पाहिली. तिचा हात तू त्याच्या डोक्यावर टेकवला नाहीस, बोटभर वर ठेवलास. भाऊच्या घरी तुला आत्या म्हणायला सांगितलं होतं, तरी तू मला कायम बाईच म्हणालास. तो हातही तसाच राहू दे.

तुझीच,
बाई